कण्याचा परवाना

१९११च्या मे महिन्यात डॅनिएल डेव्हिड पामर नावाच्या सहासष्ट वर्षांच्या गृहस्थाने आपल्या एका सहकाऱ्याला पत्र लिहिलं. पाठीचे मणके हाताने दाबून, ढकलून जागेवर आणण्याची 'कायरोप्रॅक्टिक' नावाची उपचारपद्धती त्याने सोळा वर्षांपूर्वी सुरू केली होती. पत्राचा विषय मात्र मणके नव्हता. आपल्या पद्धतीला धर्म म्हणून जाहीर केलं तर काय होईल, असा त्याचा विचार चालला होता. अमेरिकेतल्या अनेक राज्यांच्या वैद्यकीय कायद्यांत धार्मिक उपचारांना सूट होती. प्रार्थनेने आजार बरे करणाऱ्यांना परवाना लागत नसेल, तर आपल्याला तरी का लागावा?

मराठीत 'पामर' म्हणजे दीन, क्षुद्र जीव. हा पामर अजिबात तसा नव्हता. तरीही त्याच्यावर ही पाळी आली, कारण परवाना नसल्यामुळे तो तुरुंगात जाऊन आला होता.

मी डॉक्टर नाही आणि वकीलही नाही. कंबरदुखीमुळे या विषयाच्या वाटेला गेले आणि उपचारांपेक्षा कायद्यांतच जास्त रमले. 'वैद्य कोणाला म्हणायचं' या प्रश्नाचं उत्तर शास्त्र देतं, अशी आपली समजूत असते. कायरोप्रॅक्टिकच्या कायद्यांचा इतिहास वाचताना दिसतं, की हे उत्तर बरेचदा ज्यूरीने, मतदारांनी, आमदारांनी आणि कधीकधी व्यापारस्पर्धेच्या कायद्याने दिलेलं आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेत वैद्यकी हा जवळजवळ मोकळा धंदा होता. ॲलोपॅथीवाले, होमिओपॅथ, जडीबुटीवाले, 'एक्लेक्टिक' म्हणवणारे, पाण्याने बरे करणारे, चुंबकीय शक्तीने बरे करणारे, सगळेच पाट्या लावून बसत. शतकाच्या अखेरीस राज्याराज्यांनी परवान्याचे कायदे करायला सुरुवात केली. त्यांना बळ मिळालं ते १८८९च्या 'डेंट विरुद्ध वेस्ट व्हर्जिनिया' या निकालाने. फ्रँक डेंट हा एक्लेक्टिक पद्धतीचा वैद्य. त्याच्या कॉलेजची पदवी राज्याच्या मंडळाने मान्य केली नाही. माझा धंदा ही माझी मालमत्ता आहे, ती सरकार कशी हिरावून घेतं, असा त्याचा सवाल होता. लोकांच्या आरोग्यासाठी राज्य वैद्यकीवर वाजवी अटी घालू शकतं, असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. यानंतर प्रश्न परवाना असावा की नसावा हा राहिलाच नाही. परवाना कोणाच्या हातात असावा, हा झाला.

पामर या बदलत्या हवेत उगवला. जन्म कॅनडातला, वस्ती आयोवा राज्यातल्या मिसिसिपीकाठच्या डॅव्हनपोर्ट गावात. आधी त्याचं किराण्याचं दुकान होतं, मग तो चुंबकीय उपचार करू लागला. १८ सप्टेंबर १८९५ ही कायरोप्रॅक्टिकची जन्मतारीख मानली जाते. त्या दिवशी म्हणे त्याने हार्वे लिलार्ड या बहिऱ्या कामगाराच्या पाठीतला एक मणका ढकलला आणि लिलार्डला ऐकू येऊ लागलं. कानाच्या मज्जातंतूचा पाठीच्या मणक्याशी तसा संबंध नसतो, हे शरीररचनेच्या कुठल्याही पुस्तकात दिसेल. पामरने मात्र त्यावरून अख्खा सिद्धांत उभा केला: मणका जरासा सरकला की मज्जातंतूंतला प्रवाह अडतो, आणि बहुतेक सगळे रोग त्यातूनच होतात. या सरकण्याला त्याने 'सबलक्सेशन' म्हटलं. १८९७ मध्ये त्याची शाळा सुरू झाली. लिलार्ड कृष्णवर्णीय होता. ज्याच्या पाठीवर ही शाळा उभी राहिली, त्याच्या समाजातल्या विद्यार्थ्यांना तिने पुढे अनेक दशकं दारात उभं केलं नाही.

१९०६ मध्ये विनापरवाना वैद्यकी केल्याबद्दल पामर दोषी ठरला. दंड भरायला त्याने आधी नकार दिला आणि तुरुंगाची वाट धरली. काही दिवसांनी दंड भरून बाहेर आला, शाळा मुलाला विकली आणि डॅव्हनपोर्ट सोडलं. मुलगा बार्टलेट जोशुआ, सगळे त्याला 'बी. जे.' म्हणत. बापाला सिद्धांत सुचला, तर मुलाला संघटना बांधण्याची आणि जाहिरातीची कला अवगत होती. त्याच वर्षी त्याने 'युनिव्हर्सल कायरोप्रॅक्टर्स असोसिएशन' काढली. तिचं मुख्य काम वर्गणी गोळा करून खटले लढवणं हे होतं.

पहिला मोठा खटला लगेचच आला. १९०७ मध्ये विस्कॉन्सिनमधल्या ला क्रॉस गावात शेगेतारो मोरिकुबो या जपानी कायरोप्रॅक्टरवर आरोप ठेवला गेला. शेवटी शिल्लक राहिलेला आरोप होता, परवान्याशिवाय ऑस्टिओपॅथी केल्याचा. ऑस्टिओपॅथी हीसुद्धा हाडं-सांधे हाताळण्याची, मिसूरीतल्या अँड्र्यू टेलर स्टिल यांनी काढलेली पद्धत, आणि तिला कायद्याची मान्यता आधी मिळाली होती. कालपर्यंत जे स्वतः दाराबाहेर होते ते आत शिरले आणि त्यांनी आतून कडी लावली. परवान्याच्या इतिहासात हे दृश्य पुन्हापुन्हा दिसतं.

मोरिकुबोचा वकील टॉम मॉरिस होता, जो पुढे विस्कॉन्सिनचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला. कायरोप्रॅक्टिकने रोगी बरे होतात, हे सिद्ध करण्याच्या भानगडीत तो पडला नाही. त्याने एवढंच दाखवलं, की ही ऑस्टिओपॅथी नव्हे. ते रक्तवाहिन्यांचा विचार करतात, आम्ही मज्जातंतूंचा. त्यांचं तत्त्वज्ञान वेगळं, आमचं वेगळं. त्यासाठी त्याने कायरोप्रॅक्टिकचं एक नुकतंच निघालेलं पाठ्यपुस्तक पुढे केलं. गंमत म्हणजे ते पामरांच्या प्रतिस्पर्ध्यांनी लिहिलेलं होतं. ज्यूरीने मोरिकुबोला निर्दोष सोडलं.

माझ्या मते पुढचं शतकभराचं राजकारण या निकालातून निघालं. कोर्टात सुटका झाली ती 'आम्ही वेगळे आहोत' या मुद्द्यावर, त्यामुळे वेगळं राहणं ही धंद्याची गरज बनली. 'सबलक्सेशन' हा शब्द सोडून साध्या कंबरदुखीच्या उपचारांपुरतं राहायचं म्हटलं, तर मग ऑस्टिओपॅथपेक्षा आणि मालिशवाल्यापेक्षा वेगळं काय उरलं? शास्त्रात सिद्धांत तपासून टाकून देता येतो. इथे तो सिद्धांत हाच बचावाचा मुद्दा होता. तो तपासायला कोण धजावणार?

१९१३ मध्ये कॅन्ससने कायरोप्रॅक्टिकला परवाना देणारा पहिला कायदा केला. मग एकेक राज्य करत ही साखळी वाढली. कॅनडातही १९२३ मध्ये अल्बर्टाने आणि १९२५ मध्ये औषधांविना उपचार करणाऱ्यांसाठीच्या कायद्याद्वारे ऑन्टारियोने त्यांना जागा दिली. या कायद्यांचा साचा साधारण सारखा असे. एका हाताने हक्क आणि दुसऱ्या हाताने कुंपण. मणके हाताळा, पण औषध देऊ नका. शस्त्रक्रियेला हात लावू नका. खरी भांडणं व्हायची ती मंडळावरून. परीक्षा कोणी घ्यायची? डॉक्टरांच्या मंडळाने घेतली तर आपण कोणी पास होणार नाही, असं कायरोप्रॅक्टरांना वाटे. ती कायरोप्रॅक्टरांनीच घेतली तर कोणी नापास होणार नाही, असं डॉक्टरांना वाटे. दोघांच्याही भीतीत तथ्य होतं.

कॅलिफोर्नियात हे भांडण रस्त्यावर आलं. तिथे पकडले गेलेले कायरोप्रॅक्टर दंड भरण्याऐवजी तुरुंग पत्करू लागले. ते ठरवून चाललेलं आंदोलन होतं. शेकडो जण आत गेले. पेशंट तुरुंगाबाहेर जमत, वर्तमानपत्रांत फोटो येत. आपली पाठ ज्याने बरी केली त्या माणसाला चोरांसोबत कोंडलेलं पाहून लोकांना काय वाटत असेल, याची कल्पना आपण करू शकतो. सत्याग्रहाचं तंत्र आपल्याला नवं नाही. नोव्हेंबर १९२२ मध्ये प्रश्न थेट मतपेटीत गेला. कॅलिफोर्नियात नागरिकांना स्वतः कायदा मांडून त्यावर मतदान मागता येतं. त्या मार्गाने कायरोप्रॅक्टरांचा कायदा आणि त्यांचं स्वतंत्र मंडळ मंजूर झालं. लोकांनी केलेला कायदा असल्यामुळे विधिमंडळाला तो आपल्या मर्जीने बदलता येत नाही. आज शंभर वर्षांनंतरही तिथल्या मंडळाचा पाया तोच आहे.

म्हणजे एखाद्या उपचारपद्धतीला मान्यता द्यायची की नाही, हे मतदानाने ठरलं. यात मला लोकशाहीचा विजयही दिसतो आणि थोडी धास्तीही वाटते. डॉक्टरांची मक्तेदारी मतपेटी मोडू शकते. मणका ढकलून बहिऱ्याला ऐकू येतं का, हे तिला सांगता येत नाही.

डॉक्टरांच्या संघटनांनी मग वेगळा डाव टाकला. १९२५ मध्ये विस्कॉन्सिन आणि कनेटिकट या राज्यांनी 'मूलभूत विज्ञान कायदे' केले. तुम्ही कोणत्याही पद्धतीचे असा, परवान्याच्या परीक्षेला बसण्याआधी शरीररचना, शरीरक्रिया, विकृतिशास्त्र अशा विषयांची सामाईक परीक्षा द्या. वरवर पाहता याहून न्याय्य काही असू शकत नाही. जो रोग्याला हात लावणार, त्याला शरीर माहीत असावं, एवढीच तर मागणी होती. पण हे कायदे आणणाऱ्यांच्या मनातली चाळणी कोणासाठी होती, हे गुपित नव्हतं. ते सुमारे दोन डझन राज्यांत पसरले आणि १९७९ पर्यंत सगळीकडून रद्द झाले. मधल्या काळात कायरोप्रॅक्टिकच्या शाळांना आपला अभ्यासक्रम सुधारावा लागला. अडवायला घातलेल्या कुंपणाने त्यांना अभ्यासाला बसवलं.

सगळ्यात शेवटपर्यंत अडून राहिलं लुइझियाना. तिथे कायरोप्रॅक्टरला धंदा करायचा तर डॉक्टरांसाठी असलेल्या शिक्षणाच्या अटी पूर्ण कराव्या लागत. १९५७ मध्ये जेरी इंग्लंड आणि इतर काही जणांनी याविरुद्ध केंद्रीय न्यायालयात दाद मागितली. तो खटला इतका रेंगाळला की १९६४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात निकाल दिला तोही भलत्याच मुद्द्यावर: केंद्रीय न्यायालयाने आधी राज्याच्या न्यायालयात पाठवलेल्या पक्षकाराला परत केंद्रीय न्यायालयात येण्याचा हक्क राहतो का? राहतो, असं उत्तर मिळालं. अमेरिकेत कायदा शिकणारे आजही 'इंग्लंड' हे नाव त्या तांत्रिक मुद्द्यासाठी वाचतात. मूळ खटला इंग्लंड १९६५ मध्ये हरला आणि पुढच्या वर्षी सर्वोच्च न्यायालयाने ती हार कायम केली. कोर्टात जे मिळालं नाही ते विधिमंडळात मिळालं. न्यूयॉर्क १९६३, मॅसॅच्युसेट्स १९६६, मिसिसिपी १९७३ आणि १९७४ मध्ये लुइझियाना. कॅन्ससपासून मोजलं तर पन्नास राज्यं पूर्ण व्हायला एकसष्ट वर्षं लागली.

याच वर्षांत पडद्यामागे दुसरी लढाई चालू होती. १९६३ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनने भोंदू वैद्यकीविरुद्ध एक समिती नेमली आणि कायरोप्रॅक्टिक हे तिचं मुख्य लक्ष्य झालं. अशास्त्रीय पद्धतीच्या लोकांशी व्यावसायिक संबंध ठेवणं हे संघटनेच्या नीतिनियमांविरुद्ध होतं. त्याचा अर्थ असा, की डॉक्टरने पेशंट कायरोप्रॅक्टरकडे पाठवायचा नाही आणि त्याच्याकडून आलेला घ्यायचा नाही.

दुसरीकडे १९६८ मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने वृद्धांच्या 'मेडिकेअर' विम्यासाठी अभ्यास करून शिफारस केली, की कायरोप्रॅक्टिकचा त्यात समावेश करू नये. १९७२ मध्ये संसदेने तो केला. शब्दयोजना तर वाचण्यासारखी होती. विम्याचे पैसे मिळतील ते एक्स-रेमध्ये दिसणारं सबलक्सेशन हाताने दुरुस्त करण्याचे! ज्या कल्पनेच्या अस्तित्वावरच वाद होता, ती केंद्रीय कायद्यात जाऊन बसली आणि तिचा फोटो जोडण्याची अटही लागली. एक्स-रेची सक्ती २००० साली गेली. शब्द राहिला.

१९७६ मध्ये शिकागो परिसरातले कायरोप्रॅक्टर चेस्टर विल्क आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेडिकल असोसिएशन आणि इतर संस्थांवर खटला भरला. आधार घेतला १८९०च्या शर्मन कायद्याचा. हा कायदा तेल, रेल्वे आणि साखरेच्या मक्तेदाऱ्या मोडायला केलेला. सगळे डॉक्टर मिळून आमच्यावर बहिष्कार टाकतात, हा व्यापारातला कट आहे, असं त्यांचं म्हणणं. १९८१ मध्ये ज्यूरीने डॉक्टरांच्या बाजूने कौल दिला. १९८३ मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द करून फेरसुनावणी सांगितली. विल्क आणि मंडळींनी नुकसानभरपाईची मागणी सोडून दिली. २७ ऑगस्ट १९८७ रोजी न्यायाधीश सुसान गेट्झेंडॅनर यांनी मेडिकल असोसिएशन दोषी असल्याचा निकाल दिला. १९९० मध्ये अपिलातही तो टिकला.

या निकालाचं आजवर दोन्ही बाजूंनी सोयीस्कर वाचन झालंय. 'कोर्टाने कायरोप्रॅक्टिक शास्त्रीय ठरवलं' असं कितीतरी जाहिरातींतून सुचवलं जातं. न्यायाधीशांनी तसं काही म्हटलेलं नाही. कायरोप्रॅक्टिक खरं की खोटं हा आपल्यापुढचा प्रश्नच नाही, हे त्यांनी स्पष्ट केलं होतं. डॉक्टरांना पेशंटची काळजी वाटत होती, हेही त्यांनी नाकारलं नाही. पण ती काळजी संघटित बहिष्काराशिवाय, लोकांना माहिती देऊन व्यक्त करता आली असती, हा त्यांचा मुद्दा होता.

नुकसान कोणाचं झालं? कंबरदुखीवर मणके हाताळण्याने माफक गुण येतो, इतर चांगल्या उपचारांइतकाच, हे पुढच्या संशोधनात दिसलं. २०१७ मध्ये अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने कंबरदुखीसाठी औषधांशिवायच्या उपायांत त्याचा समावेश केला. लहान बाळांचं पोटदुखीचं रडणं, दमा, कानाचे आजार यांवर ते चालतं, याला भक्कम पुरावा नाही. मानेला दिलेल्या झटक्याने क्वचित रक्तवाहिनीला इजा झाल्याची उदाहरणंही नोंदली गेली आहेत. हे सगळं तपासायला दोन्ही बाजूंनी एका टेबलाशी बसणं गरजेचं होतं. एका बाजूने दुसऱ्याशी बोलायची बंदी केली होती. दुसऱ्या बाजूला आपला मूळ सिद्धांत कायदेशीर ढाल म्हणून जपायचा होता.

ब्रिटनची गोष्ट उशिरा सुरू झाली. १९९४च्या कायद्याने तिथे 'जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिल' आली, आणि नोंदणीशिवाय स्वतःला कायरोप्रॅक्टर म्हणवणं गुन्हा ठरलं. २००८ मध्ये विज्ञानलेखक सायमन सिंग यांनी 'गार्डियन'मध्ये लिहिलं, की बाळांच्या काही आजारांवरचे या मंडळींचे दावे पुराव्याविना आहेत. ब्रिटिश कायरोप्रॅक्टिक असोसिएशनने त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने सिंग यांच्या बाजूने महत्त्वाचा निर्णय दिला आणि असोसिएशनने दावा मागे घेतला. या प्रकरणाने पेटलेल्या चळवळीतून २०१३चा नवा बदनामी कायदा आला. दरम्यान चिडलेल्या नागरिकांनी वेबसाइटवरचे दावे वाचून कौन्सिलकडे शेकडो तक्रारी केल्या. मला यातला एक धडा फार आवडतो. तक्रार करता आली, कारण तक्रार ऐकायला कायद्याने बांधलेली एक संस्था होती. परवाना हा मान म्हणून मागितला होता; तो जबाबदारी म्हणून अंगावर आला.

आपल्याकडे काय? उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावायचा, हाड मोडलं की हाडवैद्याकडे जायचं, हा आपला जुना रिवाज. पायाळू माणसाला परवाना कोण देणार? तो जन्मतःच मिळालेला. कायद्याने नोंदणी आली ती १९१२च्या मुंबई वैद्यक कायद्याबरोबर, आणि ती पाश्चात्त्य पद्धतीच्या डॉक्टरांची होती. नोंदलेल्या डॉक्टरांनी आयुर्वेदाच्या संस्थांशी संबंध ठेवावा का, यावरून तेव्हा इथेही वाद झालेच. १९३८च्या कायद्याने मुंबई प्रांतात देशी वैद्यांच्या नोंदणीची सोय झाली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मुंबईतल्याच एका प्रकरणात, ॲलोपॅथीची औषधं देणाऱ्या होमिओपॅथला जबाबदार धरताना सांगितलं, की ज्या पद्धतीचं ज्ञान नाही ती वापरणारा भोंदूच. कायरोप्रॅक्टरांसाठी मात्र आपल्याकडे स्वतंत्र कायदाही नाही आणि स्वतंत्र परिषदही नाही.

पण पाट्या आहेत. मोबाइलवर कडकड आवाज करत माना मोडणारे व्हिडिओ तर सतत दिसतात. गेल्या वर्षी डोंबिवलीच्या मावशीने फोनवर विचारलं, "अगं, इथे एक जण मणके बसवून देतो. भिंतीवर सर्टिफिकेटं लावलीयत. तो खरा डॉक्टर आहे का गं?" मावशीला हाडांच्या ठिसूळपणाचा त्रास आहे, अशा पाठीला झटका देणं धोक्याचं. मी सर्टिफिकेटांचे फोटो मागवले. एकावर परदेशातल्या कुठल्याशा अल्पमुदतीच्या अभ्यासक्रमाचं नाव होतं. कॅन्ससमधल्या बाईने हाच प्रश्न विचारला असता, तर मी तिला राज्याच्या मंडळाच्या यादीत नाव बघायला सांगितलं असतं. मावशीला सांगायला माझ्याकडे यादीच नव्हती. "तुझ्या हाडांच्या तपासणीचा रिपोर्ट त्याने मागितला का?" एवढंच मी विचारलं. नव्हता मागितला. ती गेली नाही.

यादी असती तर सगळं सुटलं असतं का? शंभर वर्षांचा हा इतिहास तसं म्हणू देत नाही. परवान्याने पद्धत खरी ठरत नाही. तो एवढंच सांगतो, की हा माणूस इतकं शिकला आहे, त्याला इथपर्यंत हात लावायची मुभा आहे आणि चुकला तर त्याला जाब विचारणारं कोणीतरी आहे. पामरला परवाना म्हणजे शत्रूचं हत्यार वाटलं, त्याच्या वारसांना तो विजयाचं निशाण वाटला आणि डॉक्टरांना आपल्या घराची किल्ली. या तिघांच्या भांडणात पालथ्या पडलेल्या पेशंटला कोणी फारसं विचारलं नाही. त्याला हवी होती ती माहिती साधी होती: याने काय होईल, काय होणार नाही, आणि बिघडलं तर मी कोणाकडे जाऊ? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं संशोधन देईल. तिसऱ्याचं फक्त कायदा देऊ शकतो, आणि आपल्या कायद्याने ते अजून दिलेलं नाही.